वरून आवाज येतो अशी तक्रार सारखी येत असेल तर

आमच्या इमारतीतल्या आवाजाच्या तक्रारी गेली बारा वर्षं माझ्याकडे येतात. कमिटीत पहिल्यांदा गेलो तेव्हा हे काम कोणालाच नको होतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. पुढे मीच ते सोडलं नाही, कारण त्याआधी दोन वर्षं खुद्द माझ्या घराविरुद्ध तक्रार चालू होती आणि दाराची बेल वाजली की घरात सगळे कसे गप्प होतात ते मला माहीत आहे.

इतक्या वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. खालचे खरं बोलत असतात आणि वरचेही खरं बोलत असतात. खाली धडधड ऐकू येते, वर त्या वेळी कोणी नाचत नसतं. मधल्या स्लॅबमधून जाताना आवाजाचं रूपच बदलतं. त्यामुळे 'आमच्या घरात तर कोणी हलतही नाही' आणि 'तुम्ही मुद्दाम करता' ही दोन्ही वाक्यं निरुपयोगी आहेत. आवाज नेमका कोणता, हे सापडेपर्यंत भांडणात एक शब्दही खर्च करू नका.

ज्यांच्या घराविरुद्ध तक्रार येते त्यांच्यासाठी हे लिहितोय. फुकटातल्या तपासण्या आधी दिल्या आहेत, खर्चाच्या आणि त्रासाच्या शेवटी.

आधी लक्षणं

'फार आवाज येतो' एवढ्यावरून काहीच करता येत नाही. तक्रार करणाऱ्यांना तो आवाज तोंडानं करून दाखवायला सांगा. पहिल्यांदा लोक संकोचतात, मग अगदी हुबेहूब काढून दाखवतात. आपल्या भाषेत आवाजांना इतके शब्द आहेत की निम्मं निदान तिथंच होतं.

धप्प किंवा धपधप : टाचेवर भार देऊन चालणं, मुलांच्या उड्या, व्यायाम, पलंगावरून खाली उतरणं.

खर्रर्र : खुर्ची, स्टूल, टेबल ओढणं. सरकत्या दाराचं कपाटही असाच आवाज करतं.

ठक्, आणि पाठोपाठ दोनतीन हलके ठक्ठक् : नळ बंद झाल्यावर पाइपला बसणारा धक्का. 'वर गोट्या खेळतात' ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे आणि बहुतेक वेळा ती पाइपचीच निघाली.

घूंऽऽ, एकाच पट्टीत, तासन्‌तास : पंप, फ्रिजचा कॉम्प्रेसर, एसीचं बाहेरचं युनिट, स्पीकरचा खर्ज.

खडखड आणि मग पलंगात जाणवणारी थरथर : वॉशिंग मशीन कपडे पिळतंय.

शब्द कळतात, टीव्हीवरचे संवाद कळतात : हा आवाज हवेतून, फटींतून जातोय.

या शेवटच्या प्रकाराचा उपाय आणि वरच्या सगळ्यांचा उपाय वेगळा आहे. बोलणं, टीव्ही, गाणं हा हवेतून जाणारा आवाज. त्याला वजनदार भिंत अडवते, पण फट त्याला वाट देते. पावलं, खुर्ची, मशीन हे आवाज थेट काँक्रीटमध्ये शिरतात. तिथं भिंत कितीही जाड असो, उपयोग नाही, कारण आवाज भिंतीच्या आतूनच चाललेला असतो. असा आवाज जिथं फरशीला लागतो तिथंच अडवावा लागतो. हा फरक न कळल्यामुळे लोक भिंतीला फोम चिकटवतात, अंड्यांचे ट्रे ठोकतात, आणि तक्रार तशीच राहते. फोमनं तुमच्या खोलीतला घुमारा कमी होईल, खालच्यांची धपधप कमी होणार नाही.

वेळा लिहून काढा

खालच्यांना सात दिवस वेळा लिहायला सांगा : तारीख, वेळ, त्यांच्या घरातली खोली, आणि वर दिलेल्यापैकी कोणता आवाज. त्याच सात दिवसांत तुमच्या घरात काय काय चालू होतं ते तुम्ही लिहा. आठवडा संपेपर्यंत एकमेकांचे कागद पाहू नका. मग शेजारी शेजारी ठेवा.

याला एक पैसा लागत नाही आणि याच्यासारखी दुसरी तपासणी नाही. एका घराविरुद्ध 'रोज पहाटे पाचला घर्रर्र' अशी तक्रार होती. वरच्यांच्या कागदावर पाचला फक्त 'गजर' लिहिलेलं. मोबाइल व्हायब्रेटवर ठेवून पलंगाच्या लाकडी फळीवर, बरोबर पायाच्या वर, ठेवलेला असायचा. फळीखालून पायात, पायातून फरशीत. मोबाइल उशीशेजारी घडी केलेल्या टॉवेलवर गेला आणि ती तक्रार पुन्हा आली नाही.

वेळ महत्त्वाची आहे त्याला आणखी एक कारण आहे. दिवसा रस्त्याच्या आवाजात जे बुडून जातं ते रात्री उघडं पडतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ साली दिलेल्या मार्गदर्शक मूल्यांत झोपायच्या खोलीसाठी सततचा आवाज ३० डेसिबल आणि मध्येच येणारा एखादा आवाज ४५ डेसिबल धरला आहे. आपलं साधं बोलणं एक मीटरवर साधारण ६० डेसिबल असतं. रात्री साडेअकराला ओढलेली खुर्ची तीच असते आणि तितकीच ओढलेली असते, पण तिच्या भोवतालची शांतता दुपारची नसते.

त्यांच्या खोलीत उभं राहून ऐका

ही पायरी लोक टाळतात, आणि तक्रारी वर्षानुवर्षं चालतात त्या यामुळेच. 'काकू, मी दहा मिनिटं तुमच्याकडे येऊन ऐकू का?' एवढं एकदा विचारलं की समोरच्याचा आवाज उतरतो. निदान मी तरी अजून नकार ऐकलेला नाही.

घरातल्या कोणालातरी वर ठेवा, फोन चालू ठेवा, आणि एकेक कृती करायला सांगा. आधी नेहमीसारखं चालणं, मग दार, खुर्ची, कपाट, नळ, फ्लश, मशीन, टीव्ही. दर वेळी फोनवर सांगायचं, 'आता करते'. खालच्यांना मात्र आधी सांगायचं नाही की आता काय होणार आहे.

माझ्या घरावर दोन वर्षं चाललेली तक्रार अशीच सुटली. खाली एक आजी राहायच्या. 'रात्री पेटी ओढता तुम्ही,' असं त्या म्हणायच्या आणि आमच्या घरात पेटीच नव्हती. शेवटी एका रविवारी मी त्यांच्या बेडरूममध्ये जाऊन उभा राहिलो आणि मुलगी वर सगळं करत गेली. चालली, उड्या मारल्या, चेंडू टाकला, दार आपटलं. आजी दर वेळी मान हलवून नाही म्हणायच्या. मुलगी कंटाळली आणि खुर्ची ओढून बसली. आजींनी एकदम छताकडे बोट केलं. 'हाच! हाच तो!'

मीही तो पहिल्यांदाच ऐकला. आमच्या खोलीत जे नुसतं सर्र असायचं ते खाली खरोखर लोखंडी पेटी फरफटल्यासारखं होतं. वर जाऊन खुर्ची उलटी केली. चारांपैकी एका पायाचं रबर फाटलं होतं आणि आतल्या नळीची कड रुपयासारखी घासून चकचकीत झाली होती. फरशीवर टेबलाजवळ एक करडी कमान उमटलेली होती. त्या फरशीवरून मी रोज केर काढत होतो.

असं का होतं, तर ओढणाऱ्या खुर्चीचा धक्का बहुतेक सगळा खाली स्लॅबमध्ये उतरतो आणि स्लॅबची खालची बाजू पखवाजाच्या पुडीसारखी खोलीभर वाजते. वरच्या माणसाला त्याच्या खुर्चीचा आवाज कमी ऐकू येतो हे खरंच आहे, तो खोटं बोलत नाही.

आवाज तुमचाच आहे ना?

हे विचारण्यात काही अपमान नाही, पण आधी खाली जाऊन ऐकल्यावरच विचारा. काँक्रीटमध्ये आवाज सेकंदाला तीन हजार मीटरहून जास्त वेगानं जातो, हवेत सुमारे ३४० मीटर. आवाजाची दिशा मेंदू ओळखतो ती दोन कानांपर्यंत पोहोचण्यातल्या अतिसूक्ष्म फरकावरून. सगळं छतच एकदम वाजायला लागलं की दिशेचा अंदाज चुकतो आणि माणसाला तो नेमका डोक्यावरून आल्यासारखा वाटतो. खरं घर तिरकं असतं, कधी दोन मजले वर, कधी चक्क खाली.

तपासणी सोपी आहे. घर बंद करून बाहेरगावी जाल तेव्हा कमिटीतल्या कोणालातरी सांगून जा आणि खालच्यांना वेळा लिहीत राहायला सांगा. तुम्ही नसताना आवाज आला तर प्रश्न तिथंच वळतो. 'बघा, आम्ही नव्हतो' असं तोंडावर फेकू नका. 'आता आपण मिळून शोधू' म्हणा. आतापर्यंत जे तुमच्यावर चिडत होते, तेच तुमच्याबरोबर जिना चढायला लागतात.

फरशीला लागणारं सगळं मऊ करा

खुर्च्या, स्टुलं, टेबलं, पलंग सगळे उलटे करून पाहा. फाटलेली रबरं बदला, खाली फेल्टच्या चकत्या चिकटवा. घराबाहेर न जाणाऱ्या मऊ सपाता घाला, कारण टाचेचं हाड आणि टाइल यांच्यात काहीतरी हवं. जिथं मुलं उड्या मारतात तिथं गालिचा घाला, पण नुसती पातळ सतरंजी पुरणार नाही. खाली जाड रबरी किंवा फोमचं अस्तर हवं. धक्का जितका हळू थांबेल तितका त्यातला ठणका जातो.

एक वेळी एकच गोष्ट बदला आणि चार दिवस थांबा. सगळं एकदम केलं तर काय लागू पडलं ते कळत नाही. मग तक्रार परत आली की पुन्हा पहिल्यापासून. विचारतानाही 'आता बरं आहे ना?' विचारलं तर भिडेखातर हो येतं. 'मंगळवारी रात्री साडेदहाला आला का?' असं विचारा.

मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं ॲप आधी आणि नंतर यातला फरक पाहायला चालेल. एकाच फोनवर, एकाच जागी ठेवून. पुरावा म्हणून त्याचा आकडा कोणाच्या तोंडावर मारू नका, त्या माइकची पारख झालेली नसते. आकडे वाचताना एवढं लक्षात असू द्या की ३ डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो, १० डेसिबल उतरले की आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो.

यंत्रं

वॉशिंग मशीनवर पाणसळ ठेवा, आडवी आणि उभी दोन्हीकडे. चारही पाय फरशीला टेकलेत का ते वरून कोपरे दाबून पाहा. नवं मशीन पहिल्या दिवसापासून थयथयाट करत असेल तर मागचे ट्रान्झिट बोल्ट काढायचे राहिलेत का ते बघा. ड्रम प्रवासात हलू नये म्हणून ते घातलेले असतात, आणि तसंच चालवलं तर मशीनही खराब होतं. मिनिटाला १,२०० फेरे म्हणजे सेकंदाला २०. हा ऐकू येण्याच्या अगदी खालच्या काठावरचा आवाज आहे, म्हणून तो कानापेक्षा गादीतून जास्त जाणवतो. खाली जाड रबरी पट्ट्या घाला, मशीन भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, आणि पिळण्याचा वेग कमी करून रात्रीऐवजी दिवसा लावा.

स्पीकर फरशीवर ठेवू नका. खर्जाचा आवाज भिंतीला जुमानत नाही, म्हणून आवाज कमी करण्याआधी बास कमी करा. तुम्हाला गाण्यात फारसा फरक वाटणार नाही, खालच्यांना मात्र मोठा वाटेल.

एकाच पट्टीतली घूं शोधायची असेल तर एकेक उपकरण पाच मिनिटं बंद करत जा, फ्रिजसुद्धा. विजेवर चालणाऱ्या मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर पुरवठ्याच्या दुप्पट कंपनानं गुणगुणतात. पुरवठा ५० हर्ट्‌झ असेल तर ती गुणगुण १०० हर्ट्‌झची असते. एसीचं बाहेरचं युनिट भिंतीला थेट बोल्टनं आवळलेलं असेल तर मध्ये रबर हवं, पण ते काम एसीच्या माणसाकडूनच करून घ्या. उंचावर लटकलेल्या युनिटला स्वतः पाना लावू नका. आणि घूं विजेच्या बोर्डातून येत असेल, जोडीला जळका वास किंवा गरम झालेली पट्टी असेल, तर बोर्डाला हात न लावता मेन स्विच सुरक्षितपणे बंद करता येत असेल तर करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. शेजाऱ्यांची तक्रार त्यानंतर बघू.

पाइप

ठक् आवाज नळ बंद केल्या केल्या येतो का ते पाहा. वेगात आलेलं पाणी एकदम अडलं की त्याचा धक्का पाइपला बसतो, आणि क्लॅम्प ढिला असेल तर पाइप भिंतीवर आपटतो. नळ हळू बंद करून पाहा. आवाज गेला तर कारण सापडलं. वॉशिंग मशीनचा व्हॉल्व्ह स्वतःहून झटक्यानं बंद होतो, त्यामुळे मशीन पाणी घेताना असा ठोका हमखास येतो. त्याच्या नळाची चावी थोडी आवळून पाण्याचा वेग कमी करता येतो.

ठोका सगळ्या इमारतीत पंप बंद होताना येत असेल तर तो तुमच्या घरचा नाहीच. पंपाजवळचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, आपटतोय. तो प्लंबरचा आणि कमिटीचा विषय. भिंतीतल्या पाइपला क्लॅम्प मारायचा असेल तरीही प्लंबर, कारण कुठं फोडायचं ते त्याला कळतं.

दारं आणि फटी

दाराच्या चौकटीला रबरी पट्टी आणि आपटणाऱ्या दाराला क्लोजर, एवढ्यावर बहुतेक भागतं. बोलणं ऐकू येत असेल तर मात्र फटीच शोधा. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का जागा उघडी असली तर ती भिंत कितीही भारी असो, २० डेसिबलच्या वर फारसं अडवत नाही. पाइप जिथून स्लॅबमधून जातो तिथला गाळा, एसीच्या नळीचं भोक, मागच्या भिंतीतून आरपार गेलेले स्विचबोर्ड ही नेहमीची ठिकाणं.

हात आवरते घ्यायची वेळ

इथपर्यंत सगळं करूनही तक्रार राहिली तर पुढचं काम स्वतः करू नका. फरशी बदलून खाली लवचीक थर घालणं, किंवा खालच्यांच्या छताखाली आवाज अडवणारं दुसरं छत टांगणं, हे दोनच खरे उपाय उरतात. दोन्ही चुकीचे झाले तर पैसे जातात आणि आवाज राहतो. टांगलेलं छत स्लॅबला कडक सळ्यांनी जोडलं तर स्लॅबचा आवाज त्या सळ्यांवरून खाली उतरतो. मध्ये लवचीक हँगर, पोकळी आणि तीत खनिज लोकर लागते. ध्वनिशास्त्र जाणणाऱ्या सल्लागाराकडून आधी मोजणी करून घ्या. फरशीवर भर घालून ती उंच करायचा विचार असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरच्या लेखी परवानगीशिवाय पाटीभर मालही चढवू नका, स्लॅबची भार पेलायची मर्यादा असते. आणि नव्यानं सुरू झालेल्या कडकड आवाजाबरोबर भिंतीत नवी भेग दिसली तर तोच इंजिनियर त्याच दिवशी बोलवा.

काही आवाज थांबत नाहीत. तान्हं बाळ रडणारच, आजारी माणूस रात्री तीनदा उठणारच. रात्री पाणी प्यायला आपल्या घरात चालणं हा गुन्हा नाही, आणि हे कमिटीनं खालच्यांना स्पष्ट सांगितलं पाहिजे. बाळाच्या घरी मी आधी स्वतः खाली जाऊन सांगतो की पुढचे काही महिने असे जातील. आधी सांगितलेला आवाज लोक बराच सोसतात.

कधी असंही होतं की आवाज फक्त एकाच माणसाला येतो. कागदावर वेळा जुळत नाहीत, तिघंचौघं जाऊन बसले तरी ऐकू येत नाही. त्यांना खोटं ठरवू नका. कानातच सतत गुंजन ऐकू येण्याचा त्रास असतो, आणि रात्रीच्या शांततेत तो वाढल्यासारखा वाटतो. हे त्यांच्या घरच्यांशी, एकांतात बोला आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायला सुचवा. चारचौघांत कधीही नाही.

आणि छतावर काठीनं ठोकणं, दारावर लाथा, धमकी, मुलांना जिन्यात अडवणं सुरू झालं तर हा आवाजाचा प्रश्न राहिलेला नाही. एकट्यानं दार उघडायला जाऊ नका. तारीख-वेळ लिहून ठेवा, कमिटीला लेखी द्या, धमकी असेल तर पोलिसांकडे जा, वकिलाला विचारा. त्या दिवसापासून त्या घराशी बोलणं फक्त लेखी आणि कमिटीमार्फत ठेवा.